गरम झाल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये अडकणारी जुनी ऑटोमॅटिक: घरी काय करता येतं आणि कुठे थांबायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१० ची ह्युंदाई आय१०, १.२ लिटरचं 'कप्पा' नावाचं इंजिन, चार गिअरची ऑटोमॅटिक, ८७,००० किलोमीटर झालेली. वडिलांचे गुडघे दुखतात म्हणून क्लच नसलेली गाडी घेतली. सकाळी गाडी व्यवस्थित चालते. वीसेक मिनिटं ट्रॅफिकमध्ये गेली की एक झटका देते आणि त्यानंतर सिग्नलवरून उचलतच नाही. इंजिन ओरडतं, गाडी रेंगाळते, गिअर बदलल्याचं जाणवत नाही. बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ बरी. गॅरेजवाल्याने ट्रायल मारून सांगितलं की गिअरबॉक्स गेला, उतरवून ओव्हरहॉल करावा लागेल, ऐंशी हजार. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः काही करता येईल का?

येईल. आणि ऐंशी हजारांना हो म्हणण्याआधी ते करायलाच हवं. तुम्ही सांगितलेली लक्षणं "गिअरबॉक्स गेला" एवढंच सांगत नाहीत. ती सांगतात की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी खटकलंय आणि त्याने गाडी मुद्दाम तिसऱ्या गिअरमध्ये धरून ठेवली आहे. काय खटकलंय, हे अजून कुणी त्याला विचारलेलं दिसत नाही. ट्रायल मारून ते कळत नाही.

हे तिसऱ्या गिअरचं प्रकरण आधी समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तुमच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरवाला (म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे पोचवणारा) जुन्या पद्धतीचा गिअरबॉक्स आहे. आत पंप आहे, तो ऑइलला दाब देतो. तो दाब कुठल्या क्लच प्लेट्सकडे जायचा हे व्हॉल्व्ह बॉडी ठरवते, आणि व्हॉल्व्ह बॉडीला हुकूम देणारे विजेवर चालणारे सोलेनॉइड आहेत. सोलेनॉइडची वीज पूर्ण तोडली तर 'डी'मध्ये, म्हणजे पुढे जाण्याच्या स्थितीत, ऑइल आपोआप अशा वाटेने जातं की तिसरा गिअर लागतो. बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम केलंय, म्हणजे वायर तुटली, सेन्सर बंद पडला, काहीही झालं तरी गाडी घरापर्यंत येते. रिव्हर्सही चालतो. म्हणून सेन्सरची वायर तुटलेली गाडी आणि प्लेट्स जळलेली गाडी, चालवणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतात. दोन्ही सिग्नलवरून तिसऱ्यातच निघतात. चावी बंद केली की कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो, त्यामुळे दोन्ही थोडा वेळ बऱ्या होतात. फरक फक्त कॉम्प्युटरने लिहून ठेवलेल्या कोडमध्ये असतो.

ज्यांच्याकडे वेगळी गाडी आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे जे एएमटी आले, ते मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स आहेत. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तिथे यंत्र करतं. होंडा सिटी झेडएक्सच्या सीव्हीटीमध्ये गिअरच नाहीत, पट्टा आणि पुली आहेत. खाली लिहिलेलं त्यांना जसंच्या तसं लागू करू नका. ऑइलच्या बाबतीत तर अजिबात नाही.

गाडीखाली जाण्याआधी: जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. दोन चांगल्या घोड्या (जॅक स्टँड) विकत घ्या, मागची चाकं घरंगळू नयेत म्हणून त्यांना ओट लावा, जमीन सपाट आणि पक्की बघा. पेव्हर ब्लॉकवर घोडीचा पाय रुततो, खाली जाड फळी टाका. हे जमण्यासारखं नसेल तर ऑइल बदलण्याचं काम रॅम्प असलेल्या ठिकाणी करून घ्या; बाकीचं बॉनेट उघडून वरूनच करायचं आहे.

सुरुवात ऑइलपासून. तुमच्या गाडीला गिअरबॉक्सची डिपस्टिक आहे हे नशीब समजा. नंतरच्या कित्येक गाड्यांत ती काढून टाकली आहे. ही डिपस्टिक इंजिन ऑइलसारखी थंड आणि बंद गाडीत बघत नाहीत, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. गाडी निदान अर्धा तास चालवून आणा. सपाट जागी हँडब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवा, पाय ब्रेकवर. लिव्हर पी पासून शेवटपर्यंत आणि परत, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा, म्हणजे आतले सगळे मार्ग भरतात. मग लिव्हर एन (न्यूट्रल) मध्ये ठेवा, एकाला ब्रेकवर बसवा, आणि इंजिन चालू असतानाच डिपस्टिक काढून, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसून, पुन्हा घालून बघा. पातळी 'हॉट'च्या दोन खुणांमध्ये हवी. ऑइल ७० ते ८० अंशांवर असताना ही खूण खरी. 'कोल्ड'ची खूण फक्त ऑइल भरताना अंदाज यावा म्हणून आहे.

पातळी कमी असेल तर पंप ऑइलबरोबर हवा ओढतो, दाब पडतो, आणि गरम झाल्यावर ऑइल पातळ झालं की हा त्रास वाढतो. म्हणजे तुमची लक्षणं नुसत्या कमी ऑइलनेही येऊ शकतात. कमी असेल तर ते गेलं कुठे हे शोधा: ॲक्सल जिथे आत शिरतो तिथली सील, कूलरच्या रबरी नळ्यांच्या क्लिपा, ड्रेन बोल्टचा वॉशर. ऑइल जास्त भरलेलं असलं तरी वाईटच, कारण फिरणारे भाग त्यात बुडतात आणि फेस होतो, आणि फेसाला दाब देता येत नाही. आधीच्या कुणी थंड गाडीत बघून टॉप-अप केलं असेल तर हे हमखास झालेलं असतं.

डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका. नवं ऑइल लाल असतं. तांबूस तपकिरी हे वयाचं लक्षण आहे, घाबरू नका. काळं असेल आणि जळकट, नाकाला झोंबणारा वास असेल तर आतल्या प्लेट्सचं घर्षणाचं अस्तर जळलेलं आहे, आणि मग मी पुढे जे लिहितो आहे त्याचा शेवटचा भाग आधी वाचा. दुधाळ गुलाबी दिसलं तर पाणी मिसळलंय. एकतर रेडिएटरच्या टाकीतला ऑइल कूलर आतून फुटलाय, नाहीतर गाडी पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गेली आणि गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून पाणी आत गेलं. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका. प्लेट्सचं अस्तर डिंकाने चिकटवलेलं असतं आणि पाण्याने ते सुटतं.

ऑइल ठीक निघालं तर पुढे वीज. जुन्या गाडीत मी स्कॅनर लावण्याआधी मल्टिमीटर काढतो. इंजिन चालू, हेडलाइट आणि एसी चालू, बॅटरीच्या टोकांवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. स्टार्टर मारताना १० च्या खूप खाली जात असेल तर बॅटरी संपत आलीय. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी थेट गिअरबॉक्सच्या धातूवर. इंजिन चालू आणि सगळा भार चालू असताना ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजलाय. कोकणपट्टीतल्या, मुंबईतल्या, गोव्यातल्या गाड्यांत ही पट्टी पांढऱ्या-हिरव्या बुरशीने खाल्लेली सर्रास सापडते. बोल्ट काढा, दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट बसवा, वरून ग्रीस. अर्थिंग खराब असेल तर कॉम्प्युटरला सेन्सरचे आकडे चुकीचे दिसतात आणि तो निष्पाप सेन्सरवर कोड लिहून मोकळा होतो. त्या कोडवर विश्वास ठेवून नवा सेन्सर आणला की पैसे गेले आणि दोष तिथेच.

मग बॅटरी आणि एअर फिल्टरची पेटी काढून वायरिंगचा गुच्छ हाताने चाचपडत जा. पावसाळ्यात उंदीर इंजिनच्या उबेला येतात आणि नेमका इथे बसून कुरतडतात. बाहेरचं आवरण शाबूत आणि आतली एक तार अर्धी तुटलेली, असंही असतं. थंड असताना टोकं टेकलेली राहतात, गरम झाल्यावर सुटतात. प्रत्येक कनेक्टर उघडा, आत हिरवट गंज किंवा ऑइल आहे का बघा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, रबरी सील जागेवर आहे याची खात्री करून टक् आवाज येईपर्यंत बसवा. डब्ल्यूडी-४० हा कॉन्टॅक्ट क्लीनर नाही, त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर धूळ बसते. इलेक्ट्रॉनिक दुकानात वेगळा डबा मिळतो, तो आणा.

आता स्कॅनर. पाचशे-सातशे रुपयांचं ब्लूटूथ यंत्र इंजिनचे कोड दाखवतं, पण गिअरबॉक्सचे दाखवेलच असं नाही. "कोड नाही" असं दिसलं म्हणजे दोष नाही असं समजू नका. ह्युंदाईचं ट्रान्समिशन उघडणारा स्कॅनर किंवा तसं ॲप लागतं. ते नसेल तर एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनला काही शे रुपये देऊन फक्त कोड काढून घ्या आणि कागदावर लिहून घ्या. कोड पुसायला देऊ नका. दोष आलेला असताना, म्हणजे गाडी तिसऱ्यात अडकलेली असताना, चावी बंद न करता वाचलेला कोड सगळ्यात मोलाचा.

पी०७१७ आला तर इनपुट स्पीड सेन्सर (गिअरबॉक्समध्ये शिरणारा वेग मोजणारा), पी०७२२ आला तर आउटपुट स्पीड सेन्सर (बाहेर पडणारा वेग मोजणारा). पी०७०७ किंवा पी०७०८ म्हणजे लिव्हर कुठे आहे हे सांगणारा इनहिबिटर स्विच. पी०७५०, पी०७५५, पी०७६०, पी०७६५ ही सोलेनॉइडची विजेची तक्रार. पी०७१२, पी०७१३ ऑइलच्या तापमानाचा सेन्सर. हे सगळे बाहेरून किंवा एका झाकणातून सुटणारे दोष आहेत. पी०७३१ ते पी०७३४ मात्र वेगळे: कॉम्प्युटर म्हणतोय की मी गिअर लावला पण वेगाचं गणित जुळत नाही, म्हणजे आत काहीतरी घसरतंय. तिथेही घाई नको, कारण हे गणित तो त्याच दोन स्पीड सेन्सरवरून करतो. सेन्सर मधूनमधून आकडा गाळत असेल तरीही हाच कोड येऊ शकतो.

म्हणून लाइव्ह डेटा बघा. मला विचाराल तर हीच या सगळ्या कामातली सर्वांत उपयोगी दहा मिनिटं आहेत. स्क्रीनवर तीन आकडे लावा: इंजिनचा आरपीएम, इनपुट सेन्सर, आउटपुट सेन्सर. उभ्या गाडीत, एन मध्ये, इनपुटचा आकडा इंजिनच्या जवळपास राहायला हवा, कारण टॉर्क कन्व्हर्टर त्याला सोबत ओढत असतो. ब्रेक दाबून डी टाकला की इनपुट शून्यावर यायला हवा, कारण गिअर लागला आणि चाकं अडवलेली आहेत. डी टाकूनही इनपुट फिरत राहिला तर पहिला गिअर धरतच नाहीये. मग गाडी चालवा आणि शेजारच्याला स्क्रीन बघायला सांगा. चालवणाऱ्याने बघायचं नाही. तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर एकास एक आहे, त्यामुळे गाडी तिसऱ्यात असताना इनपुट आणि आउटपुट सारखे दिसायला हवेत. दोष येतो त्या क्षणी इनपुटचा आकडा एकदम शून्यावर पडला आणि गाडीला त्याआधी काहीच जाणवलं नाही, तर सेन्सर किंवा त्याची वायर दोषी. आकडा पडत नाही पण इनपुट आउटपुटच्या पुढे पळतो आणि त्याच वेळी इंजिन मोकळं ओरडतं, तर प्लेट घसरतेय. कुठल्याही अनुभवी कानापेक्षा हा पुरावा पक्का आहे.

प्लेट घसरत असेल तर कुठली, हेही गाडी न उघडता सांगता येतं. या गिअरबॉक्सात प्रत्येक गिअरला प्लेट्सचे दोन घटक लागतात; त्यातला 'ब्रेक' म्हणजे आतला भाग अडवून धरणारा, चाकांचा ब्रेक नाही. पहिल्याला अंडरड्राइव्ह क्लच आणि लो-रिव्हर्स ब्रेक, दुसऱ्याला अंडरड्राइव्ह आणि सेकंड ब्रेक, तिसऱ्याला अंडरड्राइव्ह आणि ओव्हरड्राइव्ह, चौथ्याला ओव्हरड्राइव्ह आणि सेकंड ब्रेक, रिव्हर्सला रिव्हर्स क्लच आणि लो-रिव्हर्स ब्रेक. आता ताळा जुळवा. पहिले तिन्ही घसरतात आणि चौथा घट्ट असेल तर अंडरड्राइव्ह. तिसरा-चौथा घसरतो तर ओव्हरड्राइव्ह. दुसरा आणि चौथा तर सेकंड ब्रेक. सगळेच घसरतात तर एकेका क्लचच्या मागे लागू नका. ऑइलची पातळी, जाम झालेला फिल्टर किंवा पंप, अशी सामाईक गोष्ट शोधा. हे टिपण घेऊन तुम्ही कारागिराकडे गेलात तर बोलणंच वेगळ्या पातळीवर सुरू होतं.

तुमची लक्षणं, म्हणजे थंड असताना निर्दोष, गरम झाल्यावर अचानक अडकणं, चावी फिरवली की बरं, हे वाचून माझा पहिला संशय स्पीड सेन्सरवर आहे. हे सेन्सर गिअरबॉक्सच्या कवचावर बाहेरून एकेका बोल्टने बसवलेले असतात. आत इलेक्ट्रॉनिक चिप असते आणि वर्षानुवर्षं गरम ऑइल आणि गरम इंजिन यांच्या मधे राहून ती तापल्यावर दम सोडते, निवली की पुन्हा चालते. पंधरा वर्षांच्या कुठल्याही गाडीत हे होऊ शकतं. बदलणं सोपं आहे: बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, आजूबाजूची माती हवेने आणि ब्रशने साफ करा म्हणजे ती भोकातून आत पडणार नाही, कनेक्टर काढा, बोल्ट काढा, सेन्सर हलकेच फिरवत वर ओढा. पक्कडने ओढू नका, तुटून आत राहिला तर मोठं काम होईल. नव्याच्या ओ-रिंगला थोडं एटीएफ (गिअरबॉक्सचं ऑइल) लावून बसवा. बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जातो, लहान पान्याने बेताने आवळा. पार्ट गाडीचा चासी नंबर देऊन मागवा. इनपुट आणि आउटपुट दिसायला सारखे असले तरी पार्ट नंबर वेगळे असतात.

इनहिबिटर स्विच खराब असेल तर वेगळी चिन्हं दिसतात. पी मध्ये गाडी स्टार्ट होत नाही पण एन मध्ये होते, रिव्हर्सचा दिवा कधी लागतो कधी नाही, मीटरवरचं पी-आर-एन-डी चमकत नाही. हा स्विच गिअरबॉक्सच्या वर असतो आणि पाणी त्याच्यातच शिरतं. बदलताना किंवा नुसता सेट करताना लिव्हर एन मध्ये ठेवून स्विचच्या कडेचं भोक आणि गिअरच्या दांड्याचं भोक एकरेषेत आणायचं, त्यातून पिन घालून बोल्ट आवळायचे. थोडा जरी तिरका बसला तरी नवा स्विचसुद्धा जुन्यासारखाच वागतो.

सोलेनॉइडचा कोड असेल तर आधी गिअरबॉक्सवरच्या मोठ्या कनेक्टरवरून ओहम मोजा. कुठली पिन कुठल्या सोलेनॉइडची, हे मॅन्युअलमधल्या आकृतीवरून ठरवा, अंदाजाने नाही. हे कमी रोधाचे असतात, काही ओहम फक्त; साध्या मीटरला अचूक आकडा जमत नाही, म्हणून आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून तिचा स्वतःचा रोध वजा करा आणि सारख्या जातीच्या सोलेनॉइडांची आपसात तुलना करा. एकच वेगळा पडला तर तोच. थंड गाडीत मोजा आणि दोष आल्यावर गरम गाडीत परत मोजा. सोलेनॉइड बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही, व्हॉल्व्ह बॉडीचं झाकण उघडून काम होतं. ज्याने इंजिनची कामं नीटनेटकी केली आहेत त्याने हे घरी करावं. पण झाकणाआतली व्हॉल्व्ह बॉडी खोलू नका. तिच्यात बारीक स्प्रिंगा, गोळ्या आणि सरकते व्हॉल्व्ह असतात, एक कण धूळ आत गेली की व्हॉल्व्ह अडकतो, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये वाऱ्याला धूळ येऊ नको म्हणून सांगता येत नाही.

ऑइल बदलण्याबद्दल लोकांच्या मनात भीती आहे की जुन्या गिअरबॉक्समध्ये नवं ऑइल टाकलं की तो बसतो. यामागचं निरीक्षण खोटं नाही, निष्कर्ष चुकीचा आहे. आधीच घसरणाऱ्या गिअरबॉक्समध्ये लोक शेवटचा उपाय म्हणून ऑइल बदलतात, त्यानंतर तो बंद पडतो, आणि दोष नव्या ऑइलवर येतो. तुमच्या ऑइलला जळका वास नसेल तर बदला, निःशंकपणे. मशीनने दाब देऊन फ्लश करू नका. तळाशी बसलेली घाण उठून बारीक मार्गांत अडकते. नुसतं काढा आणि भरा. या गिअरबॉक्सात एकूण सहा ते सात लिटर ऑइल असतं, पण बरंच टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं, त्यामुळे ड्रेनमधून एका वेळी निम्म्याच्या आसपास निघतं. काढा, भरा, काही दिवस गाडी चालवा, पुन्हा काढा. असं तीनदा केलं की जुनं ऑइल आठवा हिस्सा उरतं आणि तेवढं पुरे. निघालेलं ऑइल खुणा असलेल्या भांड्यात मोजा आणि तेवढंच डिपस्टिकच्या नळीतून लांब नरसाळ्याने भरा, मग वर सांगितल्याप्रमाणे गरम पातळी बघा. गाडी कोमट असताना काढा, उकळत्या ऑइलने हात भाजतो. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा.

ऑइल एसपी-३ दर्जाचंच हवं. दुकानदार "सगळं एटीएफ एकच" म्हणून डेक्सरॉन देईल, घेऊ नका. एसपी-४ हे नंतरच्या सहा गिअरच्या गाड्यांसाठी आहे, आकडा मोठा म्हणून चांगलं असं नाही. प्लेट्स किती झटकन धराव्यात हे ऑइलच्या घर्षणाच्या गुणावर ठरतं आणि कॉम्प्युटरचं सगळं वेळापत्रक त्या गुणावर बेतलेलं आहे. "स्लिपिंग थांबवा" असं लिहिलेल्या बाटल्या तर दूरच ठेवा. जुनं ऑइल गटारात किंवा झाडाखाली ओतू नका. ते घातक कचऱ्यात मोडतं. ओळखीच्या गॅरेजमध्ये वापरलेल्या ऑइलचा पिंप असतो, तिथे द्या.

निघालेलं ऑइल पातेल्यात पसरट ओतून उन्हात बघा, आणि ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावर काय जमलंय ते बोटांत चोळा. राखाडी, मऊ लेप म्हणजे नेहमीची झीज. टोचणाऱ्या धातूच्या किरच्या, पितळी चमक, किंवा काळ्या अस्तराचे पापुद्रे दिसले तर घरचं काम इथे संपलं.

काही गोष्टी गिअरबॉक्सच्या नसतातच आणि त्याच्या नावावर खपतात. डी किंवा आर टाकताना धाडकन झटका बसत असेल तर आधी इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग बघा; रबर फाटलं की इंजिन उडी मारतं. थ्रॉटल बॉडी घाण झाल्याने आयडलिंग वाढलं असेल तरी तसाच झटका बसतो. साठ-सत्तरच्या वेगाला गाडी थरथरत असेल तर मोकळ्या रस्त्यावर, ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला अगदी हलका स्पर्श करा. ब्रेकचा दिवा लागला की टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा लॉक-अप क्लच) सुटतो. थरथर त्या क्षणी थांबली तर लॉक-अप क्लच, चालूच राहिली तर स्पार्क प्लग आणि कॉइल तपासा. स्टॉल टेस्ट मात्र करू नका, म्हणजे ब्रेक दाबून डी मध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देण्याची. काही सेकंदांत ऑइल भयंकर तापतं, आणि पार्किंगमध्ये ब्रेक सुटला तर समोर भिंत किंवा माणूस असतो.

आता तो शेवटचा भाग. ऑइल जळलेलं आहे, लाइव्ह डेटात घसरणं स्पष्ट दिसतंय, किरच्या सापडल्या, यातलं काहीही असेल तर गाडी घरी उघडायला घेऊ नका. गिअरबॉक्स उतरवणं जॅकवर जमण्यासारखं नाही, तो जड आहे आणि टॉर्क कन्व्हर्टर पंपात पूर्ण न बसता इंजिनला जोडला तर बोल्ट आवळतानाच पंप फुटतो. त्यातही दोन वाटा आहेत. ओव्हरहॉल करायचं तर कारागिराला तीन प्रश्न विचारा: सगळ्या सील आणि प्लेट्स बदलणार की फक्त जळलेल्या, टॉर्क कन्व्हर्टरचं काय करणार, आणि कूलर धुणार का. जुन्या कूलरमध्ये अडकलेल्या किरच्या नव्या गिअरबॉक्सात परत येतात, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाला "गरज नाही" म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊन निघा. दुसरी वाट म्हणजे मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातून वापरलेला गिअरबॉक्स. तो घेताना स्टिकरवरचा कोड तुमच्याशी जुळवा, डिपस्टिकच्या नळीतून ऑइलचा वास घ्या, ड्रेन बोल्ट उघडून चुंबक बघा आणि कनेक्टर मोडलेले नाहीत ना ते बघा. ज्यात ऑइलच नाही आणि नळी उघडी पडली आहे, तो घेऊ नका.

गाडी कुठेही न्यायची झाली तर फ्लॅटबेडवर न्या, किंवा पुढची चाकं उचलून. पुढची चाकं रस्त्यावर ठेवून दोरीने ओढली तर इंजिन बंद असल्याने पंप फिरत नाही आणि गिअरबॉक्स ऑइलविना आतून फिरत राहतो.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा: या रविवारी गरम पातळी आणि ऑइलचा वास, मग व्होल्टेज, अर्थिंग, वायरिंग. वास ठीक असेल तर गाडी अडकेपर्यंत चालवा आणि त्याच अवस्थेत, इंजिन बंद न करता, कोड काढा आणि तीन आकड्यांचा डेटा बघा. सेन्सर निघाला तर खर्च काही हजारांत आटोपेल. पार्ट किंवा ऑइल बदलल्यावर कोड पुसा आणि स्कॅनरमध्ये सोय असेल तर गिअरबॉक्सचं शिकलेलं गणितही पुसा. त्यानंतर पहिले काही दिवस गिअर थोडे जोरात पडतील, कारण कॉम्प्युटर नव्याने दाब जुळवत असतो. ऑइल गरम झाल्यावर उभ्या गाडीत एन मधून डी आणि एन मधून आर असं चार-पाच वेळा सावकाश करा, मग मोकळ्या रस्त्यावर हलक्या, स्थिर ॲक्सिलरेटरने पहिल्यापासून चौथ्यापर्यंत गाडी चढवा, थांबवा, पुन्हा चढवा. हे झाल्यावरच वडिलांच्या हातात द्या, आणि पहिल्या लांब फेरीला स्कॅनर लावून शेजारी बसा.